पिल्लू रात्रभर रडतंय, क्रेटमध्ये झोपवायचं कसं?

या महिन्यात आलेल्या पत्रांत खाण्यापिण्याचे प्रश्न कमी आणि रात्रीच्या रडारडीचे जास्त आहेत, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी फक्त झोपेबद्दलच बोलू. (क्रेट म्हणजे कुत्र्याला झोपण्यासाठीचा दार असलेला जाळीचा पिंजरा.)

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, टू बीएचके आहे. गेल्या आठवड्यात लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं, मादी आहे, आठ आठवड्यांची, मुलीने नाव ठेवलंय जिलबी. दिवसभर मस्त खेळते, खाते, पण रात्री अकराला हॉलमधल्या क्रेटमध्ये ठेवून दार लावलं आणि आम्ही बेडरूममध्ये गेलो की जो भोकाड पसरते ते थांबतच नाही. मिस्टर म्हणतात लक्ष देऊ नकोस, रडून रडून गप्प होईल, एकदा बाहेर काढलं की डोक्यावर बसेल. मला ते ऐकवत नाही, मी उठून जाते, मग आमची दोघांची भांडणं. सकाळी क्रेटमध्ये शू केलेली असते ती वेगळीच. क्रेट महागाचा घेतलाय हो, मोठी झाल्यावरही पुरेल असा. काय चुकतंय?

उत्तर : क्रेट हॉलमध्ये आहे हे चुकतंय. बाकी सगळं त्याच्यामागून येतंय.

जिलबी आजवर एकटी झोपलेलीच नाहीये. आई आणि भावंडांच्या ढिगात झोपायची सवय, कोणाचा पाय तोंडावर, कोणाचं पोट उशाला. तिथून उचलून तिला नव्या घरात आणली, नवे वास, नवे आवाज, आणि नेमकी रात्री लाइट बंद करून सगळे जण दुसऱ्या खोलीत गायब. इतक्या लहान वयात एकटं पडणं म्हणजे धोका एवढंच तिला कळतं आणि अशा वेळी ओरडून आईला बोलवायचं हे तिला जन्मापासून येतं. मिस्टरांना सांगा, हा हट्ट नाहीये, भीती आहे, आणि घाबरलेल्या पिल्लाजवळ बसल्याने ते लाडावत नाही. रडून रडून गप्प होतात हे खरंय, दमतात म्हणून गप्प होतात, पण क्रेट म्हणजे एकटं कोंडून घ्यायची जागा हे तेवढ्यात पक्कं डोक्यात बसतं, मग दुसऱ्या दिवशी क्रेटकडे नुसतं नेलं तरी चार पाय ताणून उभी राहते.

तर आज रात्रीच क्रेट उचलून बेडरूममध्ये आणा, तुमच्या पलंगाला अगदी चिकटून, हात खाली सोडला की जाळीतून तिला बोटं हुंगता येतील इतका जवळ. मोठा क्रेट उचलवत नसेल तर काही दिवस एखादा मजबूत खोका किंवा छोटा क्रेट पलंगाच्या उंचीच्या स्टुलावर नीट बांधून ठेवला तरी चालतं, तुमचं तोंड दिसत राहिलं की निम्मं काम होतं. ‘मग जन्मभर बेडरूममध्येच झोपणार का’ असं विचाराल. नाही. दोन-तीन आठवडे शांत झोपायला लागली की रोज थोडा थोडा क्रेट दाराकडे सरकवायचा, मग दाराबाहेर, मग पॅसेजमध्ये, असं करत हॉलपर्यंत. मध्येच रडायला लागली तर पुन्हा दोन फूट जवळ. यात घाई करणाऱ्यांना परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. (आणि खरं सांगू का, बरेच जण हॉलपर्यंत नेतच नाहीत, तोवर त्यांनाच तिच्याशिवाय झोप येत नसते.)

आता त्या शूबद्दल. मोठी झाल्यावर पुरेल असा क्रेट घेतलात म्हणजे ४२ इंची असणार, मोठ्या लॅबला तोच लागतो. पण आत्ता तिच्यासाठी तो क्रेट म्हणजे अख्खा वन आरके आहे, एका टोकाला शू करायची आणि दुसऱ्या टोकाला कोरड्यात जाऊन झोपायचं. कुत्र्याला झोपायची जागा घाण करायला आवडत नाही, क्रेटचा फायदा आपल्याला मिळतो तो त्यामुळेच, पण त्यासाठी आतली जागा उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून आडवं होता येईल इतकीच हवी. तारेच्या मोठ्या क्रेटबरोबर बहुतेक वेळा एक पार्टिशनची जाळी येते, ती माळ्यावर टाकली असेल तर काढा आणि लावा. नसेल मिळत तर मागच्या भागात एक जाड खोका घट्ट बसवा.

पण जागा लहान केली म्हणून ती रात्रभर शू धरून ठेवेल असं नाही. ढोबळ हिशोब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवायचा, तितके तास फार तर. म्हणजे जिलबीचे तीन, तेसुद्धा झोपेत, दिवसा खेळताना तर तासाभरातच लागते. म्हणून रात्री अलार्म लावावाच लागतो, याला पर्याय नाही. अकराला शेवटची शू, मग दोनचा अलार्म, मग पाचचा. ती रडायच्या आधी तुम्ही उठायचं ही यातली मेख आहे, म्हणजे ‘ओरडलं की दार उघडतं’ हा धडा तिला मिळतच नाही. उचलून घ्या, चालवत नेऊ नका, वाटेतच होईल. मोठा लाइट लावायचा नाही, गप्पा नाहीत, ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचं, झालं की हळूच ‘शाब्बास’ म्हणायचं आणि परत आत. रात्री दोनला ‘अगं माझी सोनुली’ सुरू केलंत तर तिला वाटणार खेळायची वेळ झाली, आणि चुकी तिची नसेल. आठवडाभर कोरडी राहिली की अलार्म पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकलत जायचं. चार महिन्यांच्या आसपास बरीचशी पिल्लं सहा-सात तास सलग झोपतात.

ठरलेली जागा म्हणजे सध्या घरातली, ड्राय बाल्कनी, बाथरूम, नाहीतर गच्चीचा कोपरा, तिथे पेपर किंवा गवताचा ट्रे. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत तिला सोसायटीच्या गेटबाहेर जमिनीवर सोडू नका, ते साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि आजारी कुत्रं तिथून कधी गेलं ते कुणालाच माहीत नसतं. कडेवर घेऊन खाली फिरवा, रिक्षा दाखवा, माणसं दाखवा, ते मात्र भरपूर करा. क्रेटमध्ये झालेली शू फिनेलने पुसत असाल तर ते बंद करा, वास उग्र आणि कुत्र्याच्या तब्येतीलाही बरं नाही. पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते घ्या, कारण आपल्याला वास येईनासा झाला तरी तिला येत असतो आणि ती परत तिथेच जाते.

दार लावायचं प्रकरण दिवसा शिकवायचं असतं, रात्री फक्त परीक्षा. सकाळपासून क्रेटचं दार सुतळीने मागे बांधून ठेवा, नाहीतर ते धाडकन आपटतं आणि पिल्लू बिचकतं. येताजाता आत पनीरचा चिमूटभर तुकडा किंवा उकडलेल्या चिकनचा कण टाकायचा आणि निघून जायचं, बोलवायचं नाही, ढकलायचं तर मुळीच नाही. ती स्वतःहून जाऊन खाईल आणि बाहेर येईल, येऊ दे. मग जेवणाची वाटी आत. दोन-तीन दिवसांनी ती जेवत असताना दार नुसतं लोटा आणि वाटी संपायच्या आधी उघडा. मग कडी लावून अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं, तुम्ही शेजारी पेपर वाचत बसलेल्या. मग तुम्ही किचनमध्ये जाऊन कुकर लावून परत आलात तरी तिला काही वाटत नाही अशी वेळ येते. दुपारी खेळून दमली आणि डोळे मिटायला लागले की उचलून क्रेटमध्ये, लहान पिल्लं दिवसाचे १८-२० तास झोपतात, त्यातल्या जितक्या डुलक्या क्रेटमध्ये होतील तितकी रात्र सोपी. चप्पल खाल्ली म्हणून क्रेटमध्ये टाकायचं नाही. आणि मुलीला सांगा की ती आत असली की हात घालायचा नाही, ती तिची खोली आहे.

सगळं करूनही रडलीच तर आवाज ऐकायला शिका. जरा कुं कुं करून, जागा बदलून, उसासा टाकून झोपणार असेल तर हात जाळीजवळ सोडा आणि एक-दोन मिनिटं थांबा. गाढ झोपेतून उठून अचानक अस्वस्थ झाली तर शू-शी आलीये, लगेच न्या. आणि आवाज चढतच चाललाय, लाळ गळतेय, जाळी चावतेय, नखांनी ट्रे खरवडतेय, तर ही घाबरगुंडी आहे, दार उघडा, बाहेर घ्या, शांत करा. त्या रात्री दार उघडंच ठेवून क्रेटभोवती जाळीचं कुंपण केलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सराव एक पायरी मागून सुरू.

बारीकसारीक राहिलेलं सांगून टाकते. रात्री गळ्यातला पट्टा काढायचा, जाळीत अडकून फास बसू शकतो. आत जुनी सुती चादर आणि तुमचा न धुतलेला टीशर्ट, पण चिंध्या करून गिळत असेल तर सगळं काढून घ्या, आतड्यात अडकलं की थेट ऑपरेशन. थंडीत क्रेटच्या तीन बाजू चादरीने झाकल्या तर छान वाटतं, पण मे महिन्यात झाकू नका, पंख्याचा वारा लागू दे. रात्रीचं जेवण साडेसातच्या सुमारास, म्हणजे शी झोपायच्या आधी उरकते. उपाशी झोपवलं की शी होणार नाही असा सल्ला फिरतो, तो ऐकू नका, पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींची पिल्लं उपाशी राहिली तर त्यांची साखर खाली जाऊन झटके येऊ शकतात. झोपायच्या आधी वाटीभर दूध हाही आपल्याकडचा लाडका उपाय, पण गाईम्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि मग रात्रभर जुलाब. आणि माणसांची झोपेची किंवा सर्दीची औषधं द्यायची नाहीत, अगदी थेंबभरसुद्धा नाही.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आणलंत ते मात्र बरं केलंत. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांप्रमाणे त्याच्या आत पिल्लू विकताच येत नाही, तरी पस्तीस-चाळीस दिवसांची पिल्लं सर्रास हातात ठेवतात आणि मग तीच रात्री सगळ्यात जास्त रडतात. रडण्याबरोबर उलटी, पातळ शी, खाणं बंद, मरगळ असं काही दिसलं तर ट्रेनिंग राहू दे बाजूला, त्याच दिवशी व्हेटकडे. दर अर्ध्या तासाला थेंब थेंब शू होत असेल तरीही, तो लघवीचा संसर्ग असू शकतो.

प्रश्न : ठाण्यात फ्लॅट आहे, बीगलचं पिल्लू आणलंय, तीन महिन्यांचं. रात्री रडतं म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांनी तक्रार केली आणि सेक्रेटरी म्हणतात अजून आवाज आला तर कुत्रा काढायला लावू, तसा ठरावच करू. खरंच करू शकतात का? आणि मिळतो तो भुंकणं थांबवायचा करंट देणारा पट्टा लावू का?

उत्तर : पट्टा अजिबात नको. घाबरून रडणाऱ्या पिल्लाला वर करंट द्यायचा म्हणजे भीती दुप्पट, आणि बीगलचा आवाज मुळातच दमदार, शिकारीत लांबून हाक ऐकू यावी म्हणून पिढ्यानपिढ्या तयार केलेला.

ठरावाचं म्हणाल तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत, सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्या सूचनांची प्रिंट, महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचं कार्ड एका फाइलमध्ये ठेवा. पण फाइल घेऊन भांडायला जाऊ नका हो. काकांची झोप मोडतेय हेही खरंच आहे ना. आपणहून जा, पिल्लू लहान आहे, अमुक अमुक करतोय, काही आठवडे सांभाळून घ्या असं सांगा, सोबत काहीतरी गोड न्या. आधी सांगितलेला आवाज माणसं सहन करतात, तोच आवाज न सांगता आला की सेक्रेटरीकडे जातात.

आणि एक करून बघा. रात्री खाली जो आवाज जातो त्यातला बराचसा रडण्याचा नसतोच, क्रेटचा ट्रे वाजतो. पिल्लाने कूस बदलली की पत्र्याचा ट्रे खडखडतो, नखं त्यावर घासली जातात, आणि क्रेट नुसत्या फरशीवर असेल तर ते सगळं स्लॅबमधून थेट काकांच्या पलंगावर. क्रेटखाली जाड सतरंजी किंवा जुनी योगा मॅट दुमडून घाला, ट्रेच्या वर दुसरी मॅट, आणि क्रेट सामायिक भिंतीपासून लांब ठेवा. बाकी सराव वर जिलबीसाठी लिहिलाय तोच. फक्त बीगलला झोपायच्या आधी नाकाचं काम द्या, जुन्या टॉवेलच्या घड्यांत किबलचे, म्हणजे कुत्र्याच्या कोरड्या खाण्याचे, दाणे लपवून शोधू दे. वीस मिनिटं हुंगून तो जितका दमतो तितका पळवून दमत नाही, उलट रात्री दहाला बॉलच्या मागे पळवलं तर अजूनच चेकाळतो.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरजवळ राहतो, स्वतःचं घर, पुढे अंगण. पावसात भिजत असलेलं गावठी पिल्लू मुलांनी घरी आणलंय, अडीच-तीन महिन्यांचं असेल. ऑनलाइन बघून क्रेट मागवला पण ते आत जातच नाही, काल धरून ढकललं तर मुलाच्या हाताला दात लागले, थोडं रक्त आलं. आमच्या आई म्हणतात मुक्या जिवाला पिंजऱ्यात कोंडता कशाला, दारात बांधा. काय करावं?

उत्तर : आधी मुलाचा हात. रस्त्यावरून आणलेलं, लस न झालेलं पिल्लू आहे, तेव्हा जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि हे वाचत असाल तेव्हा डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आजच दाखवा, रेबीजच्या लसीचं ते ठरवतील. पिल्लू लहान आहे, खेळता खेळता लागलं, असं म्हणून सोडू नका. हळद-चुना काही लावू नका. मग पिल्लाला व्हेटकडे न्या, जंताचं औषध आणि लसी सुरू करा.

आता क्रेट. कोंडू नका हे आईंचं म्हणणं मला पटतं. स्वीडन, फिनलंडमध्ये तर घरात कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करून ठेवायला कायद्यानेच मनाई आहे आणि तिथली कुत्री काही वाया गेलेली नाहीत. उघड्यावर वाढलेल्या पिल्लाला एकदम जाळीत ढकललं की ते जिवाच्या आकांताने सुटायला बघणारच. पण दारात बांधा हे मात्र नाही पटत. रात्री बाहेर बांधलेलं पिल्लू मोठ्या कुत्र्यांच्या तावडीत सापडतं, तुमच्या भागात शेतं जवळ असतील तर साप, विंचू, आणि कधी कधी बिबट्याही. घरातच, कोणीतरी झोपतं त्या खोलीत, कोपऱ्यात पोतं आणि त्यावर फाटकी गोधडी टाकून द्या. दाराला आडवी फळी लावा म्हणजे घरभर फिरणार नाही. तेवढ्यावर बरीचशी गावठी पिल्लं पहिल्याच आठवड्यात रुळतात.

आणलेला क्रेट परत करू नका मात्र. वरचा भाग सुटा होत असेल तर काढून ठेवा आणि नुसत्या खालच्या तळात ती गोधडी घाला, छप्पर नसलं की भीती जाते. रोज भाकरीचा तुकडा, अंड्याचा बलक तिथेच द्या. महिन्याभराने छप्पर चढवा, दार नंतर कधीतरी. नसबंदीचं ऑपरेशन होईल तेव्हा उड्या न मारता पडून राहावं लागतं, उद्या रेल्वेने न्यायचं झालं तर गार्डच्या डब्यातल्या डॉगबॉक्समध्ये बसावं लागतं, अशा वेळी ही सवय कामाला येते. रोज रात्री दार लावायची गरज तुमच्या घरात मला दिसत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरीला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. पिल्लू रात्री क्रेटमध्ये छान झोपतं. मग दिवसाही त्यातच ठेवलं तर चालेल ना? अडीच महिन्यांचं आहे.

उत्तर : नाही चालणार. रात्री आठ तास आणि वर दिवसा दहा तास म्हणजे पिल्लाने उभं कधी राहायचं? या वयात दिवसा सलग दीड-दोन तासांच्या वर दार बंद नको. घरातला एक कोपरा किंवा बाल्कनी सोडून दुसरी छोटी खोली मोकळी करा, वायरी उचला, क्रेट उघड्या दाराने आत, दुसऱ्या टोकाला पेपर, पाणी. आणि दुपारी दोनदा तरी कोणीतरी आलंच पाहिजे, जेवण द्यायला, जरा खेळायला. शेजारच्या आजी, कॉलेजातली पोरं, पैसे देऊन येणारा माणूस, कोणीही, पण ओळखीचं आणि वेळ पाळणारं. पहिले काही महिने तरी. दोघांपैकी एकाला वर्क फ्रॉम होम मिळत असेल तर आताच मागून घ्या.